फळीमागचं भाषण

आप्पासाहेबांचा उजवा गाल संपवून मी डाव्या गालाला साबण फासत होतो, तेवढ्यात समोरच्या चिंचेवर बांधलेला कर्णा खरखरला आणि दोनदा "हॅलो, हॅलो" म्हणाला.

"आज काय आहे रे?" आप्पासाहेबांनी डोळे न उघडता विचारलं.

"सोनटक्के वकिलांची सभा हाय, आप्पासाहेब. पोतराजांसाठी."

"पोतराजांसाठी सभा? उद्या बैलांसाठी भरवतील." ते आपल्याच विनोदावर हसले आणि साबण त्यांच्या नाकात गेला.

आप्पासाहेब आमच्या कासारशिंगव्याचे सरपंच. दर बाजाराला माझ्याकडे दाढीला यायचे, आणि दाढी होईस्तोवर अर्ध्या गावाची खबर घेऊन उरलेल्या अर्ध्याची बदनामी करून जायचे. माझं दुकान म्हणजे एक लाकडी खुर्ची, एक आरसा आणि संध्याकाळी पुढच्या बाजूला एकेक करून बसवायच्या फळ्या. मागं आम्ही राहायचो. मी, माझी बायको सारजा आणि आबा, म्हणजे माझे वडील. सारजाला तेव्हा पाचवा महिना होता. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती. शिवाशिव पाळायची नाही असा कायदाही झाला होता, पण तो तालुक्याच्या कचेरीत राहायचा, आमच्या गावात कधी मुक्कामाला आला नव्हता. माझ्या खुर्चीत कोणी बसायचं आणि कोणी नाही हे कुठं लिहून लावलेलं नव्हतं, कारण लावायची गरजच नव्हती. ओढ्यापलीकडच्या मातंगवस्तीतली माणसं एकमेकांचे केस काठावर बसून कापायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, आणि मलाही वाटत नव्हतं.

वकिलांचा आवाज आला तेव्हा मला वाटलं, कर्णा बिघडला. इतका हळू. पुढारी म्हटला की तो ओरडणार, मुठी आवळणार, घाम पुसणार, ही आमची समजूत. हा माणूस तर ओट्यावर शेजारी बसून बोलावं तसा बोलत होता.

"मी आज सांगायला आलेलो नाही," तो म्हणाला. "विचारायला आलोय. आसूड कोणाच्या हातात? तुमच्याच. पडतो कोणाच्या पाठीवर? तुमच्याच. मारणारा तूच, मार खाणारा तूच, आणि पैसा टाकून पुढं जाणारा मात्र तिसराच. हे कसं काय?"

मी वस्तरा उचलला, पण गालाला लावला नाही. पोतराज आमच्या दारात कायम यायचे. कमरेला खणांचा घागरा, पायात चाळ, अंग उघडं, कपाळभर कुंकू आणि पाठीवर लोंबणाऱ्या जटा. आई नाहीतर बायको मरीआईचा देव्हारा डोक्यावर घेऊन ढोलकं वाजवायची, आणि हा दारोदार स्वतःच्या अंगावर आसूड ओढून जोगवा मागायचा. ज्या घरात पोरं जगत नाहीत, त्या घरानं एक पोरगा देवीला सोडायचा, आणि त्याच्या केसाला पुढं जन्मात कात्री लावायची नाही. लावली तर मरीआई कापून घेणाऱ्याला आणि कापणाऱ्याला, दोघांनाही सोडत नाही, असं सगळं गाव धरून चाललं होतं.

"देवीनं तुमच्याकडं पोरगा मागितला," वकील म्हणाले. "सरपंचाकडं काय मागितलं? पुरणाचा नैवेद्य. सावकाराकडं काय मागितलं? खणनारळ. मग तुमच्याकडंच पोटचा गोळा का मागितला? वेशीच्या आतली घरं तिला दिसत नाहीत का?"

आप्पासाहेबांचे डोळे उघडले.

"हात चालव की."

"चालवतो." पण हात चालेना. आमच्या धंद्याची एक खोड आहे. हात कामात आणि कान माणसात. खुर्चीतला माणूस जे बोलेल ते आमच्या डोक्यात जसंच्या तसं बसतं, मग आम्हाला ते हवं असो नसो. त्या दिवशी तर कान पुढं धावत होते आणि हात मागंच राहिला होता.

"तुम्ही म्हणाल, देवी रागावेल. मी सांगतो. लेकराचे केस कापले म्हणून जी रागावते ती आई नव्हे. आणि ती आई असेल, तर रागावणार नाही. यातलं कुठलं खरं ते तुम्ही ठरवा, दोन्हीकडून जटा उतरतातच." मग ते थांबले. पाणी प्यायले असावेत, पेल्याचा आवाज कर्ण्यातून आला. "आणि उद्या म्हणू नका. उद्या म्हणणाऱ्याच्या जटा नातवाच्या डोक्यावर जातात."

संपलं. टाळ्या नाहीत, घोषणा नाहीत. समोरच्या मैदानावर इतकी शांतता पसरली की बाजारातली कोथिंबीरवालीसुद्धा ओरडायची थांबली.

आप्पासाहेब ताडकन उठले. गळ्यात माझा पंचा, एका गालावर साबण. "माझी दाढी सोडून हे ऐकत उभा राहिलास? गावानं बलुतं कशाला द्यायचं रे तुला?" असं म्हणून ते तसेच बाजारातून घराकडे चालते झाले. आबा मागच्या दारातून धावत आले, हत्यारांची धोकटी काखेत मारली आणि उरलेली दाढी त्यांच्या वाड्यावर जाऊन पुरी करायला त्यांच्यामागं पळाले. पळता पळता मला म्हणाले, "फळ्या लाव. आज काय तरी हुनार बघ."

झालं तसंच. मी पायरीवर उभा राहून पाहिलं तर तीन पोतराज सभेच्या मंडपात शिरले होते. "कापा," म्हणत होते, "आत्ता कापा."

आता सभा भरवणाऱ्या मंडळाच्या माणसांची तोंडं पाहण्यासारखी झाली. मांडव, हार, कर्णा, वकिलांसाठी लिंबूपाणी, कशाकशाची म्हणून तजवीज त्यांनी केली होती, पण मंडपात कात्री नव्हती. लोक ऐकतील, मान डोलावतील, घरी जातील, वर्षभर विचार करतील आणि मग कुठं एखाद्याचं मन वळेल, असा त्यांचा हिशोब. वकिलांचाही तोच असावा. इतकं लगेच पटेल हे पटवणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं. शेवटी एकजण बाजारात पळाला आणि एका धनगराकडून लोकर कापायची कातर घेऊन आला.

पहिल्यानं मान वाकवली. कातर कचकच चालली, जटा खाली पडल्या, मग कुठं मैदानाला कंठ फुटला. दुसऱ्याच्याही उतरल्या. तिसरा मात्र कातर जवळ येताच दोन पावलं मागं सरला. तो आमच्याच गावचा, ओढ्यापलीकडचा लिंबा. माझ्याच वयाचा, पाठीवर आसुडाचे वळ, आणि जटा कमरेखाली.

"का रे? भ्यालास?" कुणीतरी विचारलं. कर्ण्याचं यंत्र चालूच होतं, त्यामुळे पुढचं सगळ्या बाजारानं ऐकलं.

"भ्यालो न्हाई. पर मेंढराच्या कातरीनं न्हाई कापायचं. सायेब, तुमी आत्ता मला मानूस समजून इचारलं. मग मानसाची कात्री आना. खुर्चीत बसवून कापा."

कासारशिंगव्यात खुर्ची एकच होती. मैदानातली सगळी डोकी हळूहळू माझ्या दुकानाकडे वळली. 

वकील स्वतः चालत पायरीशी आले, मागं लिंबा, त्याच्या मागं शे-दोनशे माणूस. जवळून पाहिलं तर माणूस लहानखुरा, जाड भिंगांचा चष्मा, घसा बसलेला. त्यांनी हात जोडले. आजवर कुणा वकिलानं मला हात जोडले नव्हते, त्यामुळे मी उलटा बावरलो.

"आपलं नाव?"

"हरिबा काशीद."

"बंधूंनो," ते म्हणाले, आणि मी मागं वळून बघितलं, आणखी कोण आलंय म्हणून. त्यांच्याही ते लक्षात आलं. चष्मा सारखा करत म्हणाले, "हरिबा, आज या गावाच्या इतिहासात..."

"सायेब, इतिहास ऱ्हाऊ द्या. माझं घर गावावर चालतं. ह्याला खुर्चीत बसवला तर उद्या त्या खुर्चीत दुसरं कोन बसंल?"

हजार माणसांना हलवणारा तो माणूस एका माणसासमोर अडखळला. मैदानात सगळी उत्तरं त्यांच्यापाशी होती, पण मला द्यायला एकही सुचेना. शेवटी म्हणाले, "कायदा आहे, हरिबा. नाही म्हणता येत नाही तुम्हाला."

हे मला झोंबलं. "कायद्यानं दुकान उघडं ठिवाल. माझा हात कोन हलवनार? आन् कापनाऱ्यालाबी देवी बघती म्हनत्यात. माझी बायकू पोटुशी हाय."

वकिलांच्या जीपवाल्यानं भोंगा वाजवला. पुढच्या गावात दुसरी सभा होती. वकील लिंबाकडे वळले. "लिंबाजी, चला माझ्याबरोबर. तालुक्याला चांगल्या दुकानात कापून देतो."

"तालुक्याला मला कोन वळखतं, सायेब? जटा हितं वाढल्या. उतरायच्या त्या हितंच."

"मग मी पुढच्या बाजारी पुन्हा येतो. तोवर काहीतरी सोय..."

"उद्या म्हनू नका म्हनला की तुमी."

वकिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. भोंगा पुन्हा वाजला. ते लिंबाच्या खांद्यावर हात ठेवून गेले, आणि मी फळ्या लावायला घेतल्या. एकेक फळी खाचेत सरकवताना लिंबा नुसता पाहत उभा होता. शेवटची बसली आणि आत अंधार झाला.

मला वाटलं, आता जाईल. गर्दी तर लगेच पांगली. बाजार उठायची वेळ, प्रत्येकाला आपापली गाडी गाठायची होती. फटीला डोळा लावला तर हा पायरीवर बसलेला, मला फक्त त्याच्या जटा दिसत होत्या. आणि काहीतरी पुटपुटत होता. कान लावला.

"मारनारा तूच, मार खानारा तूच. मारनारा तूच, मार खानारा तूच."

भाषण घोळवत होता. विझू नये म्हणून निखारा फुंकत राहावं, तसं.

मी आत दोन फेऱ्या मारल्या. वस्तरा पुसला, जो पुसलेलाच होता. खुर्चीवर बसलो, उठलो. जा बाबा एकदाचा, असं मनात म्हणत होतो, आणि तो गेला तर काय, असंही. आबा कुठल्याही क्षणी येतील आणि त्याला पायरीवरून हाकलतील, हेही दिसत होतं. सारजा मधल्या दारात उभी होती. ती काही बोलली नाही. तिचं ते न बोलणं मला ओळखीचं होतं, भांडणापेक्षा जड.

तेवढ्यात बाहेर ढोलक्याचा आवाज झाला. लिंबाची आई आली होती. गजरा तिचं नाव. माझ्या आईच्या वयाची बाई, पण गावात लहानथोर सगळे तिला "ए गजरे" म्हणायचे. डोक्यावरचा देव्हारा तिनं पायरीवर उतरवला.

"ऊठ. अर्धा बाजार गेला. जोगवा कवा मागायचा?"

"न्हाई उठत, आये."

"त्या दोघांनी कापल्या म्हनून तुला चेव आलाय. त्यांच्या घरी दोन दोन भाऊ हायती. मला कोन हाय?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "तीन लेकरं मातीत घातली म्या. तू चवथा. मरीआयला म्हनलं, ह्याला ठिव, तुझा करून ठिव. तिनं ठिवला. आता दिल्या वाचेला फिरू?"

 

"ह्याचं उत्तर दिलं हुतं त्यांनी," लिंबा म्हणाला. "थांब. देवी रागावंल म्हनाल, तर... तर..." पुन्हा सुरुवातीपासून पुटपुटू लागला. आसूड आला, पाठ आली, सरपंचाचा नैवेद्य आला, आणि तिथं गाडी अडली. पुन्हा सुरुवात, पुन्हा तिथंच. आईपुढं बसल्यावर त्याला ते वाक्य सापडत नव्हतं. माझ्या ओठावर ते आलेलं होतं. मी ओठ घट्ट मिटले.

फळीवर टकटक झाली.

"हरिबादादा. आत हाय न्हवं तुमी?"

मी फटीपासून बाजूला झालो.

"देवी रागावंल म्हनल्यावर वकील काय म्हनले हो?"

"मला काय ठावं? मी दाढी करत हुतो."

"न्हाई. वस्तरा थांबला हुता तुमचा. मांडवातनं दिसत हुतं मला."

आता काय करायचं. पकडला गेलो होतो. मी फळीला तोंड लावून, आतल्या आत म्हटल्यासारखं म्हणालो, "म्हनले, लेकराचे केस कापले म्हनून जी रागावती ती आई न्हवं."

"व्हय. आन् पुढं?"

"आन् ती आई आसंल, तर रागावनार न्हाई."

ते वाक्य मी ऐकलं होतं तेव्हा वकिलांचं होतं. आता माझ्या तोंडून निघालं आणि त्या अंधारात माझ्याच कानांवर आलं. मधल्या दारात सारजाच्या बांगड्या वाजल्या.

"कोन बोलतंय आतनं?" गजरानं विचारलं.

"हरिबादादा."

"त्याला म्हनावं, सांग मला. आई म्हंजी काय ते तुला काय ठावं?"

"मला न्हाई ठावं, मावशी," मी फळीआडून म्हणालो. "पर मला येक सांगा. तुमी रागावला असता का? ह्यानं तुमाला न विचारता केस कापलं असतं तर त्याला मारून टाकलं असतं का?"

हे वकिलांनी म्हटलेलं नव्हतं. ते माझं मलाच सुचलं, आणि बोलून गेल्यावर मी दचकलो.  कुठंतरी बैलगाडीच्या चाकाची कुरकुर तेवढी येत होती.

"बरं," गजरा म्हणाली. "देवीचं ऱ्हाऊ दे. खायाचं काय? जटा हायती तर लोक वाटीभर जवारी घालत्यात. बोडक्या डोक्याच्या पोतराजाला कोन घालतंय?"

"हरिबादादा," लिंबानं विचारलं, "ह्याला काय म्हनले वकील?"

मी आठवून पाहिलं. पहिल्या "हॅलो"पासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं भाषण पुन्हा डोक्यातून काढलं.

"ह्याला काय म्हनले न्हाईत."

"काईच न्हाई?"

"न्हाई. ह्यावर बोललेच न्हाईत ते."

मला वाटलं, संपलं. आता उठेल, देव्हारा आईच्या डोक्यावर देईल आणि चाळ वाजवत निघून जाईल. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या वकिलांचा राग आला. इतकं सगळं बोललात, एवढं एक बोलायचं होतं.

"मग ते म्याच सांगतो," लिंबा म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच सरळ झाला होता. "आये, इतकी वरसं म्या दारोदार नाचतो. सकाळपासनं दिवस मावळंस्तवर, उनाचं, आनवानी. सवताला मारून घेतो आन् पुन्हा नाचतो. इतकी ताकद हाय अंगात. ती काय घागऱ्याची हाय? इहिरीच्या कामावर जाईन. दगुड फोडीन. मारायचंच तर दगडाला मारीन की."

 गजराचा राग फिरला, आणि माझ्याकडे आला.

"समदं ह्या फळीमागच्यानं केलं. त्यो उठाया लागला हुता, ह्यानं पुन्हा भरवलं." ती फळीजवळ आली. फटीतून तिचा एक डोळा मला दिसला, माझाही तिला दिसला असणार. "फळीमागनं समदेच वकील. मरीआय रागावनार न्हाई म्हनतूस न्हवं? तुझी बी बायकू पोटुशी हाय. काढ फळी आन् लाव हात ह्याच्या डोक्याला. बघू तुझा इस्वास."

ती हे मला गप्प करायला म्हणाली होती. मी फळी काढणार नाही याची तिला खात्री होती. मलाही होती. मी मागं वळून सारजाकडे पाहिलं, ती म्हणेल "नको", मग माझी सुटका, अशा आशेनं. तिचा एक हात पोटावर होता. चेहरा पांढरा पडला होता.

"काढा," ती म्हणाली.

"सारजा, तुला कळतंय का..."

"मघाधरनं तुमीच सांगताय त्या बाईला. आता मी बी ऐकलंय न्हवं? काढा. पानी ठिवलंय मी तापत."

मी फळी काढली. बाहेर दिवस मावळतीला आला होता. लिंबा उठून उभा राहिला, आणि इतका वेळ हट्टानं बसलेला तो माणूस उंबऱ्यापाशी अडला. आत यायचं कसं, हेच त्याला ठाऊक नव्हतं. मी त्याचा दंड धरला आणि खुर्चीत बसवला. 

जटांना कात्री लागेना. वर्षानुवर्षांचं तेल, हळद, कुंकू बसून त्यांचे दोर झाले होते. पहिली जट हातात घेतली आणि माझे डोळे आपोआप मिटले. कच्च झालं. डोळे उघडले. सारजा गरम पाण्याचं तांब्याचं पातेलं हातात धरून उभी होती, ती तशीच उभी होती. मग दुसरी. मग मी पाणी लावून, सोडवून, कापत गेलो, आणि हळूहळू मला फक्त काम दिसायला लागलं. मान, कान, कानामागची मळाची पुटं. आसुडाच्या वळांवरून मी ओला पंचा फिरवला तेव्हा तो म्हणाला, "दुखत न्हाई तितं." मग वस्तरा घेतला. सगळं डोकं साफ केलं. लिंबानं आरशात पाहिलं. नंतर कान चाचपून म्हणाला, "मोठं हायती की."

पुढचं सांगून टाकतो. आबा आले, दारातून पाहिलं, आणि त्यानंतर दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. आप्पासाहेबांनी बलुतं बंद केलं. खुर्चीत माणूस बसायला पुढची सुगी उजाडली, आणि तोवर सारजानं रोजगार केला. तिचे राहिलेले महिने मी कसे काढले ते मलाच ठाऊक. तिला ठसका लागला तरी मी दचकायचो, रात्री उठून तिचा श्वास ऐकायचो. मुलगी झाली. ती आता स्वतः आजी आहे. लिंबा विहिरींच्या कामावर गेला आणि पुढं मुकादम झाला. सोनटक्के वकिलांचं ते भाषण मोठं गाजलं. आमच्या भागात अजून त्याला जटांचं भाषण म्हणतात, आणि त्या दिवशी गावात तीन पोतराजांनी जटा उतरवल्या असं जो तो सांगतो. खरंच आहे ते.

पण त्या संध्याकाळचं अजून थोडं राहिलंय.

मी जटा कापत होतो तेवढा वेळ गजरा रस्त्याकडे तोंड करून बसली होती. तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. कपाळ बडवून घेतलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. मला ते जास्त भयंकर वाटत होतं. लिंबा बाहेर गेला आणि तिच्या खालच्या पायरीवर, तिच्याकडे पाठ करून बसला. सारजानं कंदील आणून उंबऱ्यावर ठेवला.

"आये," लिंबा म्हणाला. "डोक्याला गार लागतंय."

तिचा हात आपसूक उचलला गेला आणि मध्येच थांबला. मी दारातून पाहत होतो. देवीला सोडलेल्या केसांना कुणी हात लावायचा नसतो, आईनंसुद्धा नाही, हे मला माहीत होतं. पण त्याचा अर्थ काय, ते तो हात हवेत थांबला तेव्हा मला कळलं. एकाच घरात राहून, एकाच ताटात जेवून, तिनं आपल्या पोराच्या डोक्यावरून कधी हात फिरवला नव्हता.

हात खाली आला. आधी बोटं टेकली, मग तळवा. तिनं ते डोकं सगळीकडून चाचपलं, टाळू, कानशिलं, मागचा उंचवटा. पुन्हा पुन्हा.

"बापावानीच हाय," ती म्हणाली. कुणाला, ते ठाऊक नाही. "मागं असंच हुतं त्याचं."

लिंबाचे खांदे हलायला लागले. तिनं पदर ओढून त्याच्या डोक्यावर धरला, थोडा वेळ तशीच बसली. मग दुसऱ्या हातानं तिनं देव्हारा जवळ ओढला, त्याचं पुढचं दार उघडलं, पदर बाजूला केला आणि पोराचं ते तुळतुळीत डोकं हातात धरून देवीकडे वळवलं.

"बघ बाई," ती मरीआईला म्हणाली, "तूच ठिवलास ह्याला. बघ तरी, कसा दिसतोय."